आधी ऑपरेशन की आधी केमो? आईंच्या ३.५ सेंटीमीटरच्या गाठीबद्दल

तुमचा प्रश्न वाचला. आई ४८ वर्षांच्या, डाव्या स्तनात ३.५ सेंटीमीटरची गाठ, काखेत एक गाठ हाताला लागतेय आणि तिची सुईची तपासणीही पॉझिटिव्ह आलीय, बायोप्सीत ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर टू थ्री प्लस (म्हणजे हार्मोनवर न वाढणारा, पण हर टू नावाचं प्रथिन जास्त असलेला कॅन्सर). तुमच्या गावचे सर्जन म्हणतायत पुढच्या आठवड्यात काढून टाकू, पुण्याचे डॉक्टर म्हणतायत आधी सहा केमो मग ऑपरेशन, आणि आई म्हणतायत गाठ अंगात ठेवून पाच महिने मी झोपू कशी. वर मामा म्हणतायत सुई टोचली म्हणजे आता पसरलाच असणार.

मी स्वतः कॅन्सर सर्जन आहे, ब्रेस्टचीच कामं जास्त करते, म्हणजे "काढून टाका" म्हणण्यात तसा माझाच फायदा, तरी सांगते की या रिपोर्टवर मीसुद्धा आधी केमोच सांगितली असती. का ते जरा लांबण लावून सांगते, कारण हे नीट समजलं नाही तर तिसऱ्या केमोला घरात परत हाच वाद होतो.

मामांचं आधी मिटवते. कोअर बायोप्सीने कॅन्सर पसरून आयुष्य कमी होतं असं कुठेही दिसलेलं नाही. उलट ती केली नसती तर हर टू थ्री प्लस हे कळलंच नसतं आणि सगळे अंदाजाने उपचार करत बसलो असतो. सुईला घाबरून सरळ गाठ कापून आलेले पेशंट बघते तेव्हा मला जास्त वाईट वाटतं, कारण अर्धवट काढलेली गाठ आणि मध्येच दिलेला आडवातिडवा छेद यातून पुढचं नीट ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

आता मुख्य मुद्दा. तीच औषधं, तेवढेच डोस, ऑपरेशनच्या आधी दिले काय नि नंतर दिले काय, नुसत्या क्रमाने आयुष्याच्या हिशोबात फरक पडत नाही. हे माझं मत नाही, अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९८८ पासून १५२३ बायकांमध्ये हेच तपासलं, निम्म्यांना चार केमो आधी, निम्म्यांना तीच चार नंतर. फिशरना आशा होती की आधी दिली तर जास्त जीव वाचतील, कारण उंदरांत मूळ गाठ काढल्यावर लांब जाऊन बसलेल्या पेशी जोर धरतात असं दिसलं होतं. तसं काही निघालं नाही, दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखंच. २०१८ मध्ये अशा दहा अभ्यासांतल्या ४७५६ बायकांचा एकत्र हिशोब छापून आला, त्यातही तेच. म्हणजे आधी ऑपरेशन केलं असतं तर आई वाचल्या असत्या किंवा आधी केमो घेतली म्हणून वाचल्या, असं दोन्ही बाजूंनी कुणी छातीठोक सांगत असेल तर ते खरं नाही.

मग भांडण कशाचं? तर माहितीचं.

ब्रेस्ट कॅन्सरमध्ये जीव घेते ती स्तनातली गाठ नाही, तिच्यातून निसटून हाडात, लिव्हरमध्ये, फुप्फुसात जाऊन बसलेल्या पेशी घेतात, आणि त्या सुरुवातीला कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. केमो त्यांच्यासाठी असते. आता त्या दिसत नाहीत तर औषध त्यांच्यावर चालतंय का नाही हे कळणार कसं? शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, तसं स्तनातली आणि काखेतली गाठ हे आपलं शीत आहे, हाताला लागतं, सोनोग्राफीत मोजता येतं. ते पहिल्याच दिवशी काढून टाकलं तर केमो पूर्ण द्याल पण आंधळेपणाने द्याल, लागू पडली का नाही हे काही वर्षांनी कळणार, तेही वाईट मार्गाने.

हर टू पॉझिटिव्हमध्ये या माहितीला प्रत्यक्ष किंमत आहे, कारण हातात दुसरं औषध आहे. कॅथरीन नावाच्या अभ्यासात १४८६ पेशंट होते, सगळ्यांना केमो आणि ट्रॅस्टुझुमॅब (नेमकं हर टू वर काम करणारं औषध) आधी देऊन झालं होतं आणि ऑपरेशनच्या नमुन्यात तरीही कॅन्सर शिल्लक सापडला होता. निम्म्यांना तेच ट्रॅस्टुझुमॅब पुढे चालू ठेवलं, निम्म्यांना बदलून टी-डीएम-वन दिलं (ट्रॅस्टुझुमॅबलाच केमोचा रेणू बांधलेलं औषध आहे ते). तीन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ७७ टक्के, दुसऱ्यात ८८.३. आणि पुढे सात वर्षांचा हिशोब आला तेव्हा जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८४.४ विरुद्ध ८९.१. म्हणजे बघा, क्रमाने आयुष्य वाढत नाही हे खरं, पण क्रमामुळे कळलेल्या गोष्टीवरून औषध बदललं तर वाढतं. ज्या बाईचं ऑपरेशन आधी झालं तिच्या बाबतीत हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण शिल्लक राहिलं का हे बघायला काही ठेवलेलंच नसतं.

ट्रिपल निगेटिव्हचंही (ईआर, पीआर, हर टू तिन्ही निगेटिव्ह) साधारण हेच आहे. तिथे जपान-कोरियाच्या क्रिएट-एक्स अभ्यासात शिल्लक आजार असणाऱ्यांना नंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या, फायदा ट्रिपल निगेटिव्हवाल्यांना सगळ्यात ठळक. आता इम्युनोथेरपीही ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करतात. आपल्या मुंबईच्या टाटामध्ये ७२० ट्रिपल निगेटिव्ह बायकांच्या अभ्यासात केमोत कार्बोप्लॅटिन घातल्याचा फायदा मुख्यतः पन्नाशीच्या आतल्यांना दिसला, तीही ऑपरेशनच्या आधीचीच केमो होती. तुमच्या आईंना याचा थेट संबंध नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी ट्रिपल निगेटिव्ह रिपोर्ट असेल म्हणून लिहिलं.

दुसरा फायदा ऑपरेशनचा. ३.५ सेंटीमीटरची गाठ स्तन लहान असेल तर अख्खा स्तन घेऊन जाते, तीच एक सेंटीमीटरवर आली किंवा विरघळली तर नुसता भाग काढून स्तन ठेवता येतो. त्या दहा अभ्यासांच्या हिशोबात स्तन वाचण्याचं प्रमाण ४९ टक्क्यांवरून ६५ वर गेलं होतं, आणि ती जुनी औषधं होती. मला त्याहून महत्त्वाची वाटते काख. आज ऑपरेशन केलं तर काखेत सिद्ध झालेला आजार आहे म्हणून काखेतल्या सगळ्या लसिका गाठी काढाव्या लागणार, म्हणजे जन्मभर हात सुजण्याची टांगती तलवार, त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, कळशी उचलायची का नाही हा रोजचा विचार. केमोने काख स्वच्छ झाली (आणि हर टू मध्ये ती बरेचदा होते) तर दोन रंग वापरून पहारेकरी गाठी (स्तनातून निघालेला आजार ज्यांच्यात आधी पोचतो त्या लसिका गाठी) शोधायच्या, निदान तीन तरी काढायच्या, त्या कोऱ्या निघाल्या तर बाकीच्या ठेवता येतात.

यासाठी एक गोष्ट मात्र केमोच्या आधीच करून घ्या आणि हे पुण्याच्या डॉक्टरांना नक्की विचारा: क्लिप. गाठीच्या मध्यभागी सोनोग्राफी बघून टायटॅनियमची बारीकशी क्लिप सोडतात, शक्य असेल तर काखेतल्या त्या पॉझिटिव्ह गाठीतही. आपल्याकडे हे सर्रास राहून जातं. मग चौथ्या केमोला गाठ पूर्ण गायब, घरचे पेढे वाटतात आणि मी ऑपरेशन टेबलवर विचार करत उभी की नेमकं कापायचं कुठे. क्लिप जिथे मिळत नाही तिथे निदान कातडीवर टॅटूची खूण, जागेचा फोटो आणि मोजमाप लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

"पण केमो चालू असताना वाढली तर?" आई हेच विचारतायत ना. वाढते कधी कधी, पण शंभरात तीनच्या आसपास पेशंटमध्ये, आणि ती लपून राहत नाही. प्रत्येक केमोला डॉक्टरांनी हाताने तपासायचं, टेप किंवा कॅलिपरने मोजायचं, दोनेक सायकलनंतर सोनोग्राफी. तपासत नसतील तर तुम्ही तोंडाने मागा, "मॅडम गाठ बघताय ना" म्हणा, लाजू नका. वाढतेय असं दिसलं तर औषध बदलायचं किंवा सरळ ऑपरेशनला घ्यायचं, दार बंद होत नाही. आणि आईंना हे सांगा की पहिली सलाईन लागली की उपचार सुरू झाले, गाठ तशीच ठेवलीय असं नाही. बऱ्याच बायकांना दुसऱ्या केमोनंतर स्वतःच्या हाताला गाठ मऊ झालेली कळते आणि मग झोप आपोआप लागते.

गावच्या सर्जनांना मात्र वाईट समजू नका. एकेकाळी हाच शिरस्ता होता, शिवाय त्यांना भीती असते की पेशंट मोठ्या शहरात पाठवला की मध्येच कुठेतरी गळतो, आणि ती भीती खोटी नाही. आणि आधी ऑपरेशन हेच बरोबर असे पेशंटही भरपूर असतात. हर टू पॉझिटिव्हच पण गाठ दोन सेंटीमीटरच्या आत, काख स्वच्छ, अशी असेल तर आधी ऑपरेशन करून नंतर आठवड्याला एक असे बारा पॅक्लिटॅक्सेल आणि वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब एवढ्यावर भागतं, उगाच जड केमो कशाला. ईआर पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह, मंद वाढणारी, पाळी गेलेल्या बाईची गाठ असेल तर मी तर आधी केमोला हातच लावू देत नाही (छातीला चिकटलेली नसेल तर). एकतर ती केमोने फारशी विरघळत नाही, पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली, आणि दुसरं म्हणजे काढून गाठीची जनुकांची टेस्ट केली तर कदाचित केमोच लागणार नाही. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात दहा हजारांवर बायका होत्या, त्यातल्या या टेस्टमध्ये मधला स्कोअर आलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या बायकांना केमो घालून काही जास्त मिळालं नाही, नुसत्या हार्मोनच्या गोळ्यांनी तेवढंच काम झालं. अशा बाईला "आधी केमो" म्हणजे न लागणारी केमो देऊन मोकळं होणं. म्हणून "शेजारच्या काकूंना आधी ऑपरेशन केलं, आमच्याच आईला का नाही" ही तुलना करू नका, दोघींचा आजार नावानेच फक्त एक.

उलट टोकाला, स्तन लाल सुजलेला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, गाठ छातीच्या भिंतीला धरलेली किंवा जखम होऊन फुटलेली, तिथे आधी ऑपरेशन हा पर्यायच नाही, ते घाईत केलं तर कडेला आजार राहतो आणि टाक्यांच्या रेषेतच परत उगवतो.

आता तारखांचं, कारण गाडी इथे जास्त घसरते. निदान झाल्यापासून पहिला उपचार सुरू व्हायला दोन-तीन आठवडे गेले तर घाबरायचं कारण नाही, रिपोर्ट, स्कॅन, हृदयाची एको यात तेवढे जातातच, आणि ही गाठ काही गेल्या महिन्यात उगवलेली नाही. महिने जायला नकोत. २०२० मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून आलं की ब्रेस्टचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण आठ टक्क्यांनी वाढतो. हे शंभरात आठ बायका जास्त असं नाही हं, मूळ धोका समजा शंभरात दहा असेल तर तो दहाचा अकराच्या आत कुठेतरी जातो. पण प्रत्येक महिन्याला वाढत जातो.

तुमच्या आईंचं साधारण असं असेल: दर २१ दिवसांनी एक अशा सहा सायकल, डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन, ट्रॅस्टुझुमॅब आणि परवडत असेल तर पर्टुझुमॅब (हर टू वरचंच दुसरं औषध). शेवटच्या केमोनंतर तीन ते सहा आठवड्यांत ऑपरेशन. तीनच्या आत नको कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वर यायच्या असतात, जखम भरत नाही, आणि आठच्या पुढे नको, त्यापुढे निकाल बिघडतात असं दिसलंय. मधल्या काळात ट्रॅस्टुझुमॅब चालूच राहू शकतं, ऑपरेशनला त्याची अडचण नाही. मग रेडिएशन (ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात) आणि एकूण वर्षभराचं ट्रॅस्टुझुमॅब, किंवा आजार शिल्लक निघाला तर टी-डीएम-वनचे १४ डोस. त्याचंही भारतीय बनावटीचं स्वस्त औषध आता मिळतं, मूळ किमती ऐकून आधीच हात टेकू नका.

ज्यांचं ऑपरेशन आधी होतं त्यांनी उलट बाजूचं घड्याळ बघायचं. ड्रेन निघाली, टाके भरले की चार ते सहा आठवड्यांत केमो. कॅलिफोर्नियातल्या जवळपास पंचवीस हजार बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ऑपरेशननंतर ९० दिवस उलटून गेल्यावर केमो सुरू झालेल्यांचे निकाल वाईट निघाले, ट्रिपल निगेटिव्हमध्ये सगळ्यात जास्त. आपल्याकडे हे ९० दिवस कसे जातात ते सांगू का, हर टू टू प्लस, म्हणजे धड हो ना नाही, असा आला म्हणून खात्रीच्या फिश टेस्टला गाठीच्या नमुन्याचा ब्लॉक पाठवला तो तीन आठवडे कुरिअरमध्येच फिरतोय, मग योजनेची मंजुरी, मग घरात लग्न, मग "जरा अशक्तपणा जाऊ दे". पितृपंधरवड्यात ऑपरेशन नको म्हणणारे दरवर्षी असतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, तीन ते सहा आठवड्यांच्या खिडकीत बसत असेल तर आठवडा पुढे-मागे करून देते, बसत नसेल तर स्पष्ट नाही म्हणते. जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर पाचव्या केमोलाच आरोग्यमित्राला भेटून ऑपरेशनचे कागद काय लागतात ते विचारा, आणि यातलं कुठलं औषध योजनेत बसतं कुठलं खिशातून, तेही पहिल्या सायकलच्या आधीच.

अजून एक प्रकार चालतो, तीन केमो आधी, मग ऑपरेशन, मग उरलेल्या तीन. पूर्वी आम्हीही करायचो. आता शक्यतो नको, कारण अर्ध्या औषधावर शिल्लक राहिलेला आजार हा औषध फेल गेल्याचा पुरावा धरायचा का कोर्स अर्धवट राहिल्याचा, हे कळत नाही आणि नमुन्याच्या रिपोर्टवरून पुढचं ठरवायचा सगळा उद्देशच बुडतो. ठरलेली सगळी केमो आधी संपवा. (मध्ये गाठ वाढली तर वेगळं, ते वर सांगितलं.)

आणि सगळ्यात मोठा धोका, जो कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेला नसतो: गाठ गेली, आता ऑपरेशन कशाला. चांगला रिस्पॉन्स आलेले पेशंटच पळतात. हाताला लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, तरी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सापडतात, आणि त्या आहेत का नाहीत हे आज तरी ऑपरेशनशिवाय खात्रीने सांगता येत नाही. त्या दहा अभ्यासांच्या २०१८ च्या हिशोबात एक आकडा आधी केमोच्या विरोधातही आहे, तो लपवत नाही: पंधरा वर्षांत त्याच जागी आजार परत येण्याचं प्रमाण आधी केमोवाल्यांत २१.४ टक्के, आणि आधी ऑपरेशनवाल्यांत १५.९. याचं बरंचसं कारण असं की त्यातल्या काही जुन्या अभ्यासांत गाठ विरघळली म्हणून ऑपरेशनच केलं नव्हतं, नुसत्या रेडिएशनवर सोडलं होतं. म्हणून पहिल्या केमोच्या दिवशीच आईंना आणि मामांनाही सांगून ठेवा की गाठ गेली तरी ऑपरेशन होणार, त्यात बदल नाही.

पर्टुझुमॅब न जमल्यास काय असंही विचारलंय. ट्रॅस्टुझुमॅब सोडायचं नाही, ते पायाचं औषध आहे आणि भारतीय बायोसिमिलर (त्याच औषधाची स्वस्त आवृत्ती) आल्यापासून आवाक्यात आलंय. पर्टुझुमॅबने गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण निओस्फिअर अभ्यासात २९ वरून ४५.८ टक्क्यांवर गेलं होतं, काख पॉझिटिव्ह असताना घ्यावं असं माझं मत, पण त्यासाठी शेत विकू नका. पैसे मोजकेच असतील तर मी ते ऑपरेशननंतर लागू शकणाऱ्या टी-डीएम-वनसाठी राखून ठेवायला सांगेन. टू-डी एको सुरुवातीला आणि मग दर तीन महिन्यांनी, ती चुकवायची नाही, ट्रॅस्टुझुमॅब हृदयाचं पंपिंग कमी करू शकतं. दाताचं काही काम असेल तर पहिल्या केमोआधीच उरकून घ्या.

एक गोष्ट तुमच्या कागदांत मला दिसली नाही, ती म्हणजे पेट स्कॅन, किंवा छाती-पोटाचा सीटी आणि बोन स्कॅन. काखेत आजार आहे म्हणजे तो लागणारच, आणि पहिली केमो लागण्याआधी व्हायला हवा, नंतर नाही. वर लिहिलेलं सगळं तो कोरा येईल असं धरून आहे. हाडात किंवा लिव्हरमध्ये काही निघालं तर आधी काय नि नंतर काय हा प्रश्नच राहत नाही, मग औषधं हाच मुख्य उपचार. टाटामध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने असा पसरलेला आजार असलेल्या ३५० बायकांमध्ये हेच तपासलं, सुरुवातीच्या केमोला प्रतिसाद दिल्यानंतर स्तनाचं ऑपरेशन करून आयुष्य वाढतं का, आणि २०१५ मध्ये उत्तर छापून आलं की वाढत नाही. तेव्हा स्कॅन करा, रिपोर्ट आला की त्यातला शेवटचा इम्प्रेशनचा परिच्छेद जसाच्या तसा टाईप करून पाठवा, आणि पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख उद्याच फोन करून थांबवा.